घाटकोपरच्या मैदानात उतरलेलं मुखेड : खिचडी पोहोचते, कंट्रोलचं धान्य का पोहोचत नाही?

मुखेड/मुंबई : 2016 चा उन्हाळा आठवून बघा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. 12 एप्रिलला पहिली गाडी पोहोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी आणि साऱ्या देशाचे कॅमेरे लातूर स्टेशनवर. त्याच उन्हाळ्यात आपल्या भागातून माणसं उलट्या दिशेनं निघाली होती. मुंबईला जायचं म्हणजे देवगिरी नाहीतर नंदीग्रामचा जनरल डबा, कल्याण-ठाण्याला उतरून लोकल, आणि मग घाटकोपर. त्या डब्यांकडं कॅमेरे नव्हते.

घाटकोपर पश्चिमेला भटवाडी म्हणून भाग आहे. तिथल्या मोकळ्या मैदानावर बांबू रोवून, वर प्लास्टिकचा कागद ओढून नांदेड जिल्ह्यातली माणसं राहायला लागली. तीनशेच्या वर कुटुंबं असल्याच्या बातम्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत आल्या. त्या बातम्यांत मुखेड तालुक्याचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. उन्हाळ्यात काही घरं मुंबईला बिगारी कामाला जातात, हे आपल्याकडं नवीन नाही. त्या वर्षी मात्र विहिरी लवकर आटल्या, माणसं लवकर निघाली आणि जास्त निघाली. म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना मागं ठेवायचं तर गावात प्यायला पाणी नव्हतं. म्हणून सगळं बिऱ्हाडच निघालं.

आता बेघर कुणाला म्हणायचं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर बेघर म्हणजे पुलाखाली झोपलेला, केस वाढलेला, कुणी नसलेला माणूस. भटवाडीतल्या बऱ्याच माणसांचं गावात घर होतं. काहींचा सातबाराही होता. घर आहे, शेत आहे, पण त्या घरात पाणी नाही आणि त्या शेतात पीक नाही, म्हणून माणूस मैदानात. कागदावर तो बेघर बसत नाही आणि रात्री तर उघड्यावर झोपतो. मदत करणाऱ्याला आणि सरकारलाही हा माणूस नेमका कोण, हे कळायला वेळ लागतो. तो कळेपर्यंत पाऊस पडतो आणि माणूस गावाकडं परत आलेला असतो.

मदत आली, ती कशी आली

भटवाडीत मदत आली नाही, असं कुणी म्हणू नये. बातमी छापून आली तशा संस्था आल्या, मंडळं आली, पक्षांचे कार्यकर्ते आले. धान्य आलं, पाणी आलं, कपडे आले. मुंबईचा माणूस घाईत असतो, पण हात आखडता घेत नाही. दुष्काळात आपल्या माणसांनी हे अनुभवलेलं आहे.

पण उघड्यावर राहणाऱ्याला काय लागतं आणि त्याला काय दिलं जातं, यात बरंच अंतर असतं. जुन्या कपड्यांचं गाठोडं सगळ्यात आधी येतं, कारण ते देणाऱ्याच्या घरात अडगळ झालेलं असतं. ज्याला लागते ताडपत्री, त्याला मिळतं स्वेटर. ज्या बाईला अंघोळीसाठी आडोसा हवा, पाळीच्या दिवसांत पॅड हवेत, तिला मिळते साडी. साडीचा आडोसा होतो, ती गोष्ट वेगळी. झाकणाचा पाण्याचा ड्रम, लेकरांच्या पायात चपला, मच्छरदाणी, जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी, मोबाईल चार्ज करायची सोय, या वस्तू दिसायला साध्या आहेत. त्यांचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्या कमी येतात. मोबाईल बंद पडला की मुकादमाचा फोन लागत नाही आणि दिवसाची मजुरी जाते, हे उघड्यावर न राहिलेल्या माणसाच्या ध्यानात येणं अवघडच.

कोरडा शिधा द्यावा की शिजलेलं अन्न, यावरही देणाऱ्यांत मतं आहेत. याचं उत्तर घेणारा कोण, यावर आहे. भटवाडीसारख्या ठिकाणी कुटुंब आहे, तीन दगडांची चूल आहे, करणारी बाई आहे. तिथं पीठ, तांदूळ, डाळ, तेल दिलं की आठवडा निघतो आणि माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही. अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेर एकटा झोपणाऱ्या माणसाला दहा किलो पीठ देऊन काय करायचं? चूल नाही, ठेवायला जागा नाही, रात्री उंदीर आणि दिवसा महापालिकेची गाडी. फुटपाथवरचं सामान उचलणाऱ्या त्या गाडीत भांडी जातात, पांघरुणं जातात आणि कधीकधी पिशवीतले कागदही जातात. आदल्या दिवशी संस्थेनं वाटलेलं ब्लँकेट दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत. एकानं द्यायचं, दुसऱ्यानं न्यायचं. यातल्या कागदांचं पुढं बोलू, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

एकट्या माणसासाठी शिजलेलं अन्नच कामाचं. त्याची मुंबईत चांगली व्यवस्था उभी राहिलेली आहे, हे मान्य करावं लागेल. मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये लग्न-समारंभात उरलेलं अन्न गोळा करून वाटायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं रोटी बँक. पुढं माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी याच नावानं मोठं काम उभारलं. हॉटेलांतलं, समारंभांतलं चांगलं अन्न गाडीतून आणायचं आणि झोपड्या, फुटपाथ, हॉस्पिटलांच्या बाहेर वाटायचं. रॉबिन हूड आर्मी ही तरुण पोरांची संघटना 2014 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि मुंबईत पसरली. हिरवे टी-शर्ट घालून ही पोरं फिरतात. पैशाची देणगी घ्यायची नाही, फक्त अन्न आणि वेळ घ्यायचा, असा त्यांचा नियम आहे. हिशेबाची भानगडच नको, हा विचार आपल्याकडच्या कित्येक मंडळांनी उचलण्यासारखा आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी 'खाना चाहिये' नावानं काम सुरू केलं. बंद पडलेल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत अन्न शिजवून रोज ठरलेल्या रस्त्यांनी गाड्या सोडल्या आणि पुढच्या महिन्यांत लाखो जेवणं वाटली. मे महिन्यात मुलुंडहून पुढं ठाणे, कसाऱ्याच्या दिशेनं चालत निघालेले मजुरांचे तांडे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या गर्दीत फक्त उत्तर प्रदेश-बिहारचीच माणसं होती, असा समज झाला. मराठवाड्यातली, विदर्भातली माणसंही तेव्हा मुंबई-ठाण्यात अडकली होती. त्यांचं 'परप्रांतीय' म्हणून यादीत नाव लागत नव्हतं आणि 'स्थानिक' म्हणून रेशन मिळत नव्हतं.

सरकारनंही काहीच केलं नाही, असं नाही. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. टाळेबंदीत ती पाच रुपयांना केली, 2021 मध्ये काही काळ फुकट दिली. नाक्यावर काम न मिळालेल्या बिगाऱ्याला दहा रुपयांत दुपार काढता येते, ही छोटी गोष्ट नाही. पण 2025 मध्ये राज्यभरातून केंद्रचालकांच्या तक्रारी येऊ लागल्या की बिलं थकलीत. बिल थकलं की थाळीतला भात कमी होतो, मग केंद्र उघडायची वेळ कमी होते आणि मग शटर खाली येतं.

संगमनेरचा चांभार आणि सुप्रीम कोर्ट

गावाकडचा माणूस मुंबईच्या फुटपाथवर कसा जातो, याची नोंद देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या निकालपत्रात आहे. आपल्याकडं ती फार कुणाला ठाऊक नाही. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. निकाल 10 जुलै 1985. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ आणि सरन्यायाधीश पुण्याचे यशवंत चंद्रचूड.

ओल्गा टेलिस या पत्रकार. त्यांच्यासोबत अर्ज करणारे दोघं फुटपाथवर राहणारे होते. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळानं काम गेलं म्हणून 1961 मध्ये मुंबईला आला. दहिसरला एका केमिकल कंपनीत 23 रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा, तिथं बायको आणि तीन मुली. त्या आडोशासाठी एका झोपडीदादानं त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. दुसरा आपल्या महाराष्ट्राचाच, नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं आणि 1969 मध्ये त्यानं मुंबई गाठली. तिथं महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. फुटपाथवरच्या जागेसाठी 300 रुपये गुंडाला दिले, बांबू आणि प्लास्टिकला 700 लागले.

हे आकडे नीट बघा. फुटपाथ फुकट नव्हता. महिना साडेतीनशे कमावणाऱ्यानं झोपायला हजार रुपये घातले होते. आजही उपनगरांत उघड्यावर राहणाऱ्यांना पाण्याचा हंडा, शौचालय, मोबाईल चार्जिंग या सगळ्याला सुटे पैसे मोजावे लागतात. गावात बसून वाटतं की फुटपाथवर राहणाऱ्याला काय खर्च? घरवाल्याला जे महिन्याला एकदा आणि कमी दरात मिळतं, ते बेघराला रोज आणि चढ्या दरात घ्यावं लागतं. म्हणून मजुरी मिळूनही हातात काही उरत नाही.

1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायची घोषणा केली होती. त्यावरून हा खटला उभा राहिला. कोर्टानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. माणसाला कामाच्या जागेपासून लांब फेकलं तर त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे. निकालाचा हा भाग सगळे सांगतात. दुसरा भाग कमी सांगितला जातो. फुटपाथवर राहण्याचा हक्क कोर्टानं मान्य केला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, फक्त त्या वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत थांबा, असं सांगितलं. तत्त्व मोठं मिळालं आणि मुदत साडेतीन महिन्यांची.

निवारे किती, माणसं किती

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर बेघर निघाले, त्यातले सुमारे 57 हजार बृहन्मुंबईत. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था हा आकडा कमीच आहे, असं कायम म्हणत आल्या आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एका रात्रीत, टॉर्च घेऊन, कोण कुठं झोपलंय ते शोधायचं. पाऊस, पोलीस, गाडी यांना चुकवत रोज जागा बदलणारी माणसं त्यात कशी सापडणार?

आपल्या दृष्टीनं यात आणखी एक मेख आहे. मोजणीची रात्र फेब्रुवारीच्या शेवटाची. आपल्याकडचा बराच माणूस होळी झाल्यावर बाहेर पडतो आणि मृगाच्या तोंडावर परत येतो. म्हणजे तो मोजणीच्या रात्री गावात असतो आणि एप्रिल-मे मध्ये घाटकोपरच्या मैदानात. मुंबईच्या बेघरांत तो कधी मोजला जात नाही आणि त्याच्यासाठी निवाराही कधी बांधला जात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. म्हणजे पुन्हा तेच.

निवाऱ्याचा नियम साधा आहे. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागं शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, चोवीस तास आणि बारा महिने. सुप्रीम कोर्टानं 2010 पासून हे सांगितलेलं आहे, केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात ते लिहिलेलं आहे. मुंबईची 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. हिशेब कुणीही करावा, सव्वाशे निवारे लागतात. गेल्या काही वर्षांत महापालिकेच्या नावावर जे सांगितले गेले ते दोन डझनांच्या आसपास. त्यातही बरेचसे मुलांसाठीचे. नवरा, बायको, दोन लेकरं, सासू आणि भांड्यांचं गाठोडं असं कुटुंब एकत्र राहील, अशी जागा मिळणं कठीणच. बाप एका निवाऱ्यात, आई दुसऱ्यात, यापेक्षा मैदान बरं, असंच कुठलंही कुटुंब म्हणणार.

2021 मध्ये 'पहचान' संस्थेचे ब्रिजेश आर्य यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. बेघरांना तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा आणि स्वच्छ शौचालय द्यावं, अशी मागणी होती. महापालिकेनं कोर्टात सांगितलं की संस्थांच्या मदतीनं अन्नाची पाकिटं आणि बायकांना सॅनिटरी पॅड वाटली जात आहेत. कोर्टानं अर्ज निकाली काढला. सगळंच सरकारनं द्यायचं नाही, या लोकांनीही देशासाठी काम करावं, अशा अर्थाचं मत मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठानं नोंदवलं. सार्वजनिक शौचालय बेघरांना फुकट वापरू देता येईल का, ते सरकारनं बघावं, एवढं मात्र सुचवलं. पुढं मार्च 2023 मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांच्या खंडपीठानं फुटपाथच्या दुसऱ्या एका प्रकरणात, बेघर हीसुद्धा माणसंच आहेत, त्यांना नुसतं हटवा असा आदेश देता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

'त्यांनीही काम करावं' हे वाक्य आपल्या वाचकांना जरा टोचेल. भटवाडीतली माणसं काम करायलाच गेली होती. पहाटे उठून नाक्यावर उभं राहायचं, गुत्तेदार बघेल, बोटानं निवडेल, पाटी उचलायला नेईल. दहा वाजेपर्यंत कुणी नेलं नाही तर दिवस गेला. मुंबईच्या उपनगरांतल्या कित्येक इमारतींच्या पायात आपल्या तालुक्यांचा घाम आहे. काम आहे, घर नाही, अशीच यातल्या बहुतेकांची कथा.

खरी अडचण कागदाची

आता कागदांकडं येऊ. देणारी माणसं चांगली आहेत, पण संस्थेची गाडी आज येते, उद्या दुसरीकडं जाते. बातमी जुनी झाली की गाड्या कमी होतात. कायम मिळेल असं एकच धान्य आहे, ते कंट्रोलचं. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागं 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. आणि 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळं ते गावातल्याच दुकानात घ्यावं लागतं, असंही राहिलेलं नाही. मुखेड तालुक्यातलं कार्ड घाटकोपरच्या, मुलुंडच्या, अंधेरीच्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात चालतं. दुकानातल्या मशीनवर अंगठा लागला पाहिजे, एवढीच अट. त्यातही सोय अशी की सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही. म्हातारी गावात आपल्या वाट्याचं घेऊ शकते आणि पोरगा मुंबईत त्याच्या वाट्याचं. भटवाडीच्या वेळी, 2016 मध्ये, ही सोय नव्हती. आज आहे.

मग घेतात किती जण? उघड्यावर राहणाऱ्याला ते मिळवताना तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, माहितीच नसते. कार्ड गावाकडं पेटीत आणि नंबर पाठ नाही. दुसरी, शहरातला दुकानदार. 'गावचं कार्ड इथं चालत नाही' किंवा 'माल संपला' हे त्याचं ठरलेलं उत्तर. मळके कपडे बघून ते आणखी लवकर येतं. तिसरी ठेच गावातच लागते. कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली पाहिजे. जो सहा महिने बाहेर, त्याचं नाव 'गैरहजर' म्हणून मागं पडतं आणि मग धान्य थांबतं. खरं तर राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा लावून ई-केवायसी होते. पण हे त्याला सांगायचं कुणी?

मराठवाड्यात एक वेगळा पेच आहे, तोही सांगायला हवा. आपल्याकडच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्तात गहू-तांदूळ मिळायचे. 2023 मध्ये धान्य बंद करून खात्यावर रोख रक्कम सुरू झाली. आधी माणशी महिना 150 रुपये, नंतर 170. या कार्डावर मुंबईत धान्य मागायला गेलं तर दुकानदार नाही म्हणेल आणि त्या वेळी त्याचं बरोबर असेल. 170 रुपयांत मुंबईत काय येतं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

म्हणूनच बेघरांच्या मदतीत सगळ्यात कामाची माणसं कोण, तर जी पिशवीसोबत कागदाचं बघतात ती. आधार हरवलं तर पुन्हा काढून देणारी, दुकानदारासमोर उभं राहून अंगठा लावून घेणारी, राजावाडी किंवा कूपर हॉस्पिटलात केसपेपर काढून देणारी, लेकराला जवळच्या पालिका शाळेत बसवणारी. बेघर माणसाला मतदार यादीत नाव लावायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. अर्जात दिलेल्या ठिकाणी तो खरंच झोपतो का, हे अधिकाऱ्यानं रात्री जाऊन बघायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. चूल पेटवायची अडचण असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. महाग पडतो, पण मिळतो. अशी मदत करायला वेळ लागतो, एकेका माणसामागं चार-चार फेऱ्या होतात, म्हणून ती करणारे थोडे.

गावानं काय करायचं

2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्याचं नाव पुन्हा देशभर गेलं, या वेळी पाण्यासाठी. लेंडी धरणाच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळ, रावणगाव पाण्यात गेली, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्याची तीच गत. मदतीची किटं ट्रक भरून आली. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कमी-जास्त, उशिरा, अपुरं, यावर वाद चालूच राहील. पण गावात नुकसान झालं तर तलाठी येतो, पंचनामा होतो, नाव कागदावर चढतं. तोच माणूस खरवडलेलं शेत सोडून घाटकोपरला गेला आणि तिथं त्याचं बिऱ्हाड गाडीत गेलं, तर त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

मुंबईत नाव चढत नसेल तर ते निदान गावातून पुसलं जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. ऊसतोड कामगारांची नोंद ग्रामसेवकानं करून ओळखपत्र द्यायची पद्धत 2021 पासून आली. मुंबई, पुणे, हैदराबादला बिगारी कामाला जाणाऱ्यासाठी तसं काही नाही. पण ग्रामपंचायतीनं एक साधी वही घातली तर कुठला कायदा आडवा येतो? कोण गेलं, कुणासोबत गेलं, कुठं उतरलं, मोबाईल नंबर काय, कार्डाचा नंबर काय, सोबत लेकरं किती. घाटकोपरला कुणी आजारी पडलं, अपघात झाला, पोलिसांचा फोन आला, तर त्या वहीचा उपयोग कळेल. लेकरांसाठी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. हंगामी वसतिगृह चालू असेल तर लेकरू आजीजवळ गावातच राहू शकतं आणि दोन वेळ जेवू शकतं. हे मुख्याध्यापकांनी आणि शाळा समितीनं वेळेत मागितलं तर होतं, डिसेंबर उलटल्यावर नाही.

जाणाऱ्यानं निघण्याआधी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी करून घ्यावी. रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर मोबाईलमध्ये आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवावा. आधारचा फोटो गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाच्या मोबाईलमध्येही ठेवावा, म्हणजे पिशवी गेली तरी नंबर जात नाही. शहरातला दुकानदार नाही म्हणाला तर 1967 या नंबरवर तक्रार करता येते. फोन एका दमात लागेल, असं नाही. पण 'तक्रार करतो' म्हटल्यावर माल संपलेल्या दुकानात माल सापडतो, हा अनुभव गावच्या कंट्रोलवर कित्येकांनी घेतलेलाच आहे.

वर्षातल्या ग्रामसभा ठरलेल्या आहेत : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. घरकुलाची यादी असो की रेशनची, जो हजर त्याचं आधी ऐकलं जातं. स्थलांतराच्या वहीचा विषय घ्यायचा तर 26 जानेवारीलाच घ्यावा लागेल. 1 मे च्या सभेला ज्यांच्यासाठी ती वही घालायची, तीच माणसं गावात नसतील.